पुरवठा अखंड

८ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला टाकशील. टाकण्याआधी निदान कागद चाचपून बघ. तुझ्याच मिलचा आहे, एका कडेला जाड आणि एका कडेला पातळ. शाई फुटतेय, त्याबद्दल मला बोलायचं नाही.

हा कोऱ्या कागदांचा गठ्ठा कपाटात मिळाला. तुझी वहिनी गेली त्याला पुढच्या महिन्यात चार वर्षं होतील, पण तिच्या कपाटाचा खालचा खण मी उघडला नव्हता. काल लोकरीची टोपी सापडेना म्हणून उघडला. टोपी नव्हतीच. कोरा कागद होता आणि त्याच्याखाली तुझी अकरा पत्रं होती, सगळी तिच्या नावाने, शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंच्या पत्त्यावर आलेली. म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला सात वर्षं बनवलंत. चोरून टाकलेली तार मी रस्त्यावरून नुसती बघून ओळखतो, आणि माझ्याच घरातून एवढी मोठी लाइन गेलेली मला कळली नाही.

पत्रं वाचली नाहीत. फक्त मागचा पत्ता उतरवून घेतला. बरं, एक वाचलं. त्यात तू तिकडच्या कागद मिलमध्ये शिफ्ट सांभाळतोस असं होतं, आणि चिमणी चौथीत पहिली आल्याचं होतं. आता ती कॉलेजात असेल. शेवटी ‘दादाला सांगू नकोस’ असं होतं, म्हणून बाकीची बांधून ठेवली.

तीस एप्रिलला मी निवृत्त होतोय. उरलेले महिने खुर्ची उबवत काढावेत असा बेत होता. पण वीज कंपनीत नवीन मॅडम आल्यात, तुझ्याच वयाच्या असतील, आणि त्यांनी कारखान्यांना मदत करायला म्हणून एक कक्ष काढलाय. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं आणि मी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं,

“गेल्या वर्षी तुम्ही किती कारखान्यांत गेलात?”

“नऊ.”

“कशाला?”

“पाच ठिकाणी मीटर तपासायला, चार ठिकाणी वीज तोडायला.”

“आणि तुमचं कसं चाललंय, हे विचारायला?”

“तसं विचारायचा फॉर्म नाहीये मॅडम आपल्याकडे.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “कारखाने एकेक करून निघून चाललेत. त्यांचा माल दहा ठिकाणच्या मालाशी झुंजतो. ते हरले की आपण वीज विकणार कुणाला, खांबांना?”

मला तुझी मिल आठवली. अकरा वर्षांनी आठवली का, असं तू म्हणशील. म्हण.

त्या दिवसाबद्दल आज फार लिहीत नाही. मिलची वीज सारखी मिचकावते अशी तू तक्रार केलीस, आणि तपासणीला नेमकं मला पाठवलं. एक मिनिटाच्या आत परत आलेली वीज आमच्या नियमात गेली असं धरतच नाहीत. म्हणून मी अहवालात ‘पुरवठा अखंड’ लिहिलं आणि सही केली. भाऊ म्हणून झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको होतं. मी निघाल्यावर तू मागून गेटपर्यंत धावत आलास, असं वॉचमन नंतर सगळ्यांना सांगत सुटला होता. स्कूटरच्या आवाजात मला तुझी हाक ऐकू आली नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. चार महिन्यांनी मिलला कुलूप लागलं, आणि तू बायको-मुलीला घेऊन निघून गेलास तेही मला वॉचमनकडूनच कळलं.

टोपी अजून मिळालेली नाही.

दादा

२३ जानेवारी

धाकट्या,

उत्तर येईल असं वाटलं नव्हतंच. तरी रोज संध्याकाळी पत्रांची पेटी उघडून बघतो. तिचं कुलूप गंजलं होतं, त्यात तेल घातलं. चार वर्षांत त्या पेटीत विजेच्या बिलाशिवाय काही पडलं नाही, आणि ते बिल मीच पाठवलेलं असतं म्हणायला हरकत नाही.

तुला वाचायचं नसलं तरी मला कुणाला तरी सांगायचंय. कारखान्यांत जातो आणि नुसता बसतो, मॅडमनी तसंच सांगितलंय. बर्फाच्या कारखान्यात गेलो तर मालकाने मला बघून आधी मीटरच्या खोलीचं दार उघडलं आणि मग हात जोडले. “काय चुकलं साहेब?” चुकलं काही नाही, तुमचं कसं चाललंय ते बघायला आलोय, असं म्हटल्यावर तर त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. अर्ध्या तासाने माझ्या मनात काळंबेरं नाही हे पटलं तेव्हा कुठे चहा आला. त्याचे चारही कंप्रेसर संध्याकाळी चालायचे, वीज सगळ्यात महाग असते नेमक्या तेव्हा. का, तर बटणं दाबणारा माणूस त्या वेळी कामावर यायचा. बर्फाला त्याचं काय, तो दुपारीही गोठतो. मी म्हटलं, दोन कंप्रेसर दुपारवर ढकला.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?”

मी चहा संपवला आणि उठलो.

लोखंड ओतणाऱ्या भट्टीवाल्याचं आणखी निराळं. आम्ही दुरुस्तीसाठी वीज बंद करतो ती दर वेळी त्याची भट्टी ऐन भरात असताना. तो म्हणाला, दोन दिवस आधी कळवलंत तर त्या दिवशी मी भट्टी पेटवणारच नाही. मी छातीठोकपणे म्हटलं की आम्ही कळवतो, बोर्डावर नोटीस लावतो. “कुठल्या बोर्डावर?” तो बोर्ड आमच्याच व्हरांड्यात आहे रे. वीस वर्षं आम्ही आमच्याच लोकांना कळवत होतो. आता मी फोन करतो. एकशे चार कारखान्यांचे नंबर वहीत उतरवून घेतलेत आणि दर सोमवारी सगळ्यांना फोन लावतो. काही जण आता हटकून विचारतात, “साहेब, जेवलात का?” त्यांना वाटतं मी सहज हो म्हणतो. मला त्या प्रश्नाची सवय लागत चाललीय.

घरी ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवतो. एका ताटासाठी टेबल पुसायचा कंटाळा येतो.

दादा

११ फेब्रुवारी

धाकट्या,

आज कुठे गेलो होतो ते तुला कळलं तर तू कागद फाडशील. फाड, पण आधी वाच.

गेल्या आठवड्यात मॅडमनी एक फाइल पुढे केली. औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची बुचं करणारा एक कारखाना आहे, साठ माणसं कामाला. मालकाने लिहिलंय की तुमची वीज मिचकावते, असंच चालू राहिलं तर मी सहा महिन्यांत गाशा गुंडाळतो. मी पत्ता वाचला आणि फाइल मिटली. म्हटलं, मॅडम, याला दुसरं कुणी पाठवा. “दुसरं कोण आहे?” त्यांनी खोलीभर नजर फिरवून विचारलं. मी सहा दिवस टाळलं. गुडघा दुखतो असं सांगितलं, आणि खरंच दुखायला लागला.

तुझीच शेड आहे. गेट तेच, फक्त रंग हिरवा. मशीन होतं तिथे आता बुचांची सहा यंत्रं आहेत. बुचवाला बरा माणूस आहे, बोलताना खिशातून बूच काढून तळहातावर फिरवत राहतो. म्हणाला, “साहेब, वीज अर्धा सेकंद मिचकावली की यंत्र थांबतं. आतलं वितळलेलं प्लास्टिक थिजतं. ते खरवडून काढायला दोन तास. असं आठवड्यात दोनदा. माझं बूच बाहेरून येणाऱ्या बुचाशी झुंजतं, आणि त्या लोकांची वीज मिचकावत नाही. मी काय, रोज हात बांधून कुस्ती खेळू?”

तू हेच बोलला होतास. शब्द वेगळे होते. कागद ओला असतो, धावत असतो, वीज मिचकावली की तुटतो, आणि पुन्हा ओवायला पाऊण तास लागतो, असं तू मला मशीनच्या गोंगाटात ओरडून सांगत होतास. वहीवाल्या गिऱ्हाइकाने दोनदा उशीर चालवून घेतला आहे, तिसऱ्यांदा घेणार नाही, असंही म्हणालास. मी कपड्यांवर उडालेला लगदा झटकत होतो.

त्याने मला आतून फिरवलं. मागच्या भिंतीला त्याने रंग दिलेला नाही. यंत्रांमागची जागा, कोण बघतंय, असं म्हणाला. तुझ्या कोळशाच्या रेघा तशाच आहेत. चार उभ्या, एक आडवी. कागद तुटला की एक रेघ. मी त्या दिवशी तुला म्हटलं होतं, भिंतीवरच्या रेघा म्हणजे पुरावा नव्हे. तू म्हणालास, मग तुझी सही म्हणजे पुरावा का?

बुचवाल्याने विचारलं, “हे कसले हिशेब आहेत, तुम्हाला काही कळतं का?” मी नाही म्हटलं.

दादा

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

आज नीट लिहितो. मधे मधे थांबावं लागतंय, शाई वाळू द्यावी लागते.

त्या लाइनवर खांबावर एक डबा आहे. तू येता-जाता पाहिलेला असशील, करड्या रंगाचा. तो आपोआप तोडणारा आणि जोडणारा स्विच आहे. तारेला फांदी लागली की तो अर्धा सेकंद लाइन तोडतो आणि परत जोडतो. तेवढ्यात फांदी गळून पडली तर सगळं पूर्ववत. घरातल्या माणसाला दिवा नुसता मिचकावल्यासारखा वाटतो. तुझ्या मिलच्या पुढे एक फाटा आहे, वीसेक घरांचा, सगळा झाडांतून जाणारा. फांद्या तिथे लागायच्या. मिचकावायची सगळी लाइन.

दुसरी सोय करता आली असती. फाट्याच्या तोंडाशी वेगळा छोटा स्विच बसवला असता तर घरांचं घरांपुरतं राहिलं असतं आणि तुझ्या मशीनला पत्ताही लागला नसता. एका दिवसाचं काम होतं. पण त्या छोट्या स्विचसाठी वर लिहावं लागलं असतं, आणि आहे त्यात काय वाईट आहे, हा प्रश्न आला असता. कारण आहे त्यात माझ्या कागदावर काहीच वाईट नव्हतं. मिनिटाच्या आतलं धरायचंच नाही. तो करडा डबा मी बसवून घेतला तेव्हापासून माझ्या सबस्टेशनात वीज गेल्याची नोंद जवळजवळ शून्यावर आली. ढाल मिळाली. ‘अखंड पुरवठा’, पितळी, वर माझं नाव. तू तक्रार केलीस त्याच महिन्यात तिचा निकाल लागायचा होता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, भाऊ म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको होतं. ते खोटं नव्हतं. पण ढालीचं मी लिहिलं नाही.

आता ऐक. त्या डब्याच्या पोटाखाली एक आकडा असतो. किती वेळा तोडलं आणि जोडलं ते तो मोजतो. वायरमन तो वाचून रजिस्टरात लिहितो, आणि मी खाली सही करतो. सही करताना आकडा वाचायचा असतो, हे मला चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही असं म्हणून सुटता येणार नाही. जुनं रजिस्टर काढलं. डबा बसवला त्या दिवशी शून्य. सोळा महिन्यांनी तुझ्या मिलची जोडणी काढली, त्या दिवशी वायरमनने आकडा वाचला होता. एकशे त्रेचाळीस. खाली माझी सही आहे, चांगली वळणदार.

काल परत शेडमध्ये गेलो. बुचवाल्याला म्हटलं, मोजमाप घ्यायचंय. कंदिलासारखी धरायची बॅटरी घेऊन यंत्रांमागे उकिडवा बसलो आणि तुझ्या रेघा मोजल्या. अठ्ठावीस जुड्या आणि एक सुटी. एकशे एक्केचाळीस. पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

दोन कमी होत्या. खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, चुकला. चौतीस वर्षांची खोड आहे. मग आठवलं. तुझी मिल रविवारीसुद्धा बंद नसायची. सोळा महिन्यांत ती बंद राहिली ती आई गेली तेव्हा. एक दिवस की दोन, मला आठवत नाही. मशीनच बंद असेल तर वीज मिचकावून कागद तुटत नाही, आणि रेघही पडत नाही. त्या वेळी पंचनाम्यासारखी सगळी कामं मी हातात घेतली होती, फोन, गाड्या, पाहुणे, आणि तू तिच्या खाटेपाशी नुसता बसून होतास म्हणून तुझ्यावर डाफरलो होतो.

तू एकही रेघ चुकवली नव्हतीस रे. आणि मी एकदाही बघितलं नाही.

तिथेच बसून रडलो. बुचवाल्याला वाटलं प्लास्टिकचा वास सहन झाला नाही. त्याने पाणी आणून दिलं.

दादा

१२ मार्च

धाकट्या,

फाट्याच्या तोंडाशी स्विच बसला. सकाळी नऊला खांबावर चढलेला वायरमन चारला खाली उतरला. एका दिवसाचं काम, म्हटलं ना. त्या घरांच्या डोक्यावरच्या फांद्याही छाटल्या. एक आजोबा काठी घेऊन अंगावर आले, सावली का कापता म्हणून. त्यांच्याशी तासभर बोललो. निघताना म्हणाले, परत या. मी म्हटलं, येईन.

स्विच बसवायला मॅडमनी हरकत घेतली नाही. पण मी सोबत जोडलेली टिपणी वाचून त्यांनी दार लावून घेतलं.

“हे कशाला लिहिलंत? स्विच बसवायला एवढं कारण पुरतं की ग्राहकाची तक्रार आहे. अकरा वर्षांपूर्वीचं कुणी विचारलंय?”

“कुणीच नाही.”

“पुढच्या महिन्यात तुमचा निरोपसमारंभ आहे. मोठे साहेब तुम्हाला त्या ढालीसकट व्यासपीठावर बसवणार होते. हे वर गेलं की ते होणार नाही. उलट लेखी खुलासा मागतील.”

“मागू देत.”

“तुमचे भाऊ परत मिल काढणार आहेत का?”

“नाही. तो माझ्याशी बोलतसुद्धा नाही.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, “मिनिटाच्या आतलं मोजायचं नाही, हा नियम तुम्ही केलेला नव्हता.”

“नव्हता मॅडम. पण त्याच्या आड मी उभा राहिलो.”

टिपणी वर गेली. तिची एक प्रत तुला पाठवतोय. भाषा नेहमीची रुक्ष आहे, तिसऱ्या परिच्छेदात ‘सदर कागद मिलची तक्रार वस्तुनिष्ठ व अचूक होती’ असं आहे. सदर कागद मिल म्हणजे तू. त्याखाली ‘तपासणी अधिकाऱ्याची चूक’ असं आहे, तो मी. याने तुझं मशीन परत फिरणार नाही आणि वहीवाला गिऱ्हाईक परत येणार नाही, एवढं मलाही कळतं. मॅडमनी त्यातून एक काम मात्र काढलं. या महिन्यापासून मोठ्या कारखान्यांच्या लाइनवर अर्ध्या सेकंदाचंही मिचकावणं मोजायचं आणि तो आकडा दर सोमवारी कारखान्याला कळवायचा. फोन मीच करतो.

सबस्टेशनातली ढाल मी उतरवून कपाटात ठेवली. भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा राहिलाय.

दादा

२ एप्रिल

धाकट्या,

बुचवाल्याचा फोन आला होता. एकवीस दिवस यंत्र एकदाही थांबलं नाही. त्याने गाशा गुंडाळायचा विचार सोडलाय, उलट सातवं यंत्र मागवलंय. मला म्हणाला, साहेब, तुमचे उपकार झाले. मी फोन ठेवला आणि एवढा आनंद झाला की काय करावं सुचेना. खोलीत दुसऱ्या टेबलाशी कुणी नसतं. घरी आलो तर घरी कुणी नसतं. वहिनीच्या फोटोला सांगितलं, पण तिला सगळं आधीच माहीत असल्यासारखी ती बघते.

मोठ्या साहेबांनी खुलासा मागितला, मी दिला. निरोपसमारंभ होणार नाही. चहा होईल, असं शिपायाने सांगितलं.

पेटीत आजही काही नव्हतं. तुला पाच पत्रं झाली. हे सहावं. तू उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. पण पत्रं पोचतात की नाही, एवढं कसं कळणार? माझ्या बाजूने लाइन चालू आहे आणि तुझ्या बाजूला काय आहे, ते दिसत नाही. मी आता पत्र लिहून झालं की दोन-तीन दिवस पाकिटात घालत नाही, न जाणो तोवर तुझं काही येईल. गठ्ठ्यातले कागद संपत आलेत.

दादा

१७ एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. तुझं अक्षर अजून तसंच, उतरंडीला लागलेलं.

‘१४१ नाही, १४२. दाराच्या मागे बघ. उरलेली एक आई गेली त्या दिवसाची असेल. मिल एकच दिवस बंद होती.’

व्हरांड्यात उभ्यानेच वाचलं. मग चप्पल बदलायलाही थांबलो नाही, तसाच शेडवर गेलो. बुचवाला मला बघून दचकला, “आता काय मोजायचं राहिलं?” मी म्हटलं, दार. बाजूचं ते जुनं लाकडी दार आता वापरात नाही. ते कायम भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं आणि पुढे पोत्यांची थप्पी लावलेली. दोन माणसांनी पोती हलवली. दार ओढलं तेव्हा बिजागरी किंचाळली.

भिंतीचा तेवढा पट्टा धूळसुद्धा न लागलेला. मधोमध एक रेघ. बाकीच्या रेघांखाली तू काहीच लिहिलं नव्हतंस. हिच्याखाली लिहिलंयस, ‘११.४०. दादा गेटवर.’

धाकट्या, पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, स्कूटरच्या आवाजात मला तुझी हाक ऐकू आली नाही. अकरा वर्षं मी हेच सांगत आलो. वहिनीलाही हेच सांगितलं. ते खरंच आहे, हाक ऐकू आली नव्हती. मिनिटाच्या आतलं धरत नाहीत, हेही खरंच होतं. मी नेहमी खरंच बोलतो, एवढीच काय ती माझी हुशारी.

आरशात तू दिसला होतास.

गेटमधून धावत आलास, पायात चप्पल नव्हती, आणि तुटलेल्या ओल्या कागदाचा एक लांब तुकडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होतास, मला दिसावा म्हणून. नुकताच तुटला होता, हे मला तेव्हाच कळलं. मी अजून गेटसमोरच होतो. परत फिरलो असतो तर माझ्या डोळ्यांदेखतची तक्रार झाली असती, आणि खिशातला अहवाल मला फाडावा लागला असता. मी वेग वाढवला. वळणावर पुन्हा आरशात बघितलं. तू थांबला होतास, पण कागद तसाच वर धरलेला होता.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. टिपणीतही नाही. ते कंपनीचं काम नव्हे, माझं आहे.

तुला वाईट वाटलं असेल, राग आला असेल, हे मी समजत होतो. तू परत आत जाऊन ती रेघ ओढलीस आणि खाली माझं नाव लिहिलंस, हे माहीत नव्हतं. बुचवाल्याला म्हटलं, एवढा पट्टा रंगवू नका. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाचं अक्षर आहे.

हा गठ्ठ्यातला शेवटचा कागद. रविवारी पहिल्या बसने निघतोय. तुझ्या तिकडच्या मिलच्या गेटवर पोचायला अकरा वाजतील. तुझी पाळी असेल, कागद चालू असेल, तर मशीन सोडून येऊ नकोस. यायचंच नसेल तरी येऊ नकोस. मला वळून निघायची घाई नाही.

अकरा चाळीस झाले तरी मी थांबेन.

दादा